पाटीचं खालचं

सुक्या मासळीच्या बाजारात सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच वाक्य ऐकू येतं: "वरचं राहू दे बाय, पाटीचं खालचं दाखव." कोळीण बोंबलाची पाटी भरते तेव्हा लांब, पांढरे, खडखडीत वाळलेले बोंबील वर रचते आणि तुटके, ओलसर, दव लागलेले तळाशी जातात. सगळ्याच असं करतात असं नाही. पण गिऱ्हाइकानं विचारायचं आणि तिनं रागावल्यासारखं करायचं, ही रीत आहे. त्यात कुणाचा अपमान होत नाही. मी हे वाक्य उभ्या आयुष्यात म्हणत आलो आणि त्यावरच पोट भरलं. धंद्याबाहेर मात्र ते एकदाच म्हटलं.

आमचा कोळीवाडा काशीदच्या वरच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी. माझा बाप वाड्यातल्या मोठ्या तांडेलाच्या गलबतावर खलाशी होता. एका वादळात तो पाण्यात पडला आणि सापडला नाही. गलबत परत आलं, तांडेल परत आला. आईनं मला देवीपुढे उभं करून शपथ घातली की मी होडीत पाय ठेवणार नाही. पुढे तीही गेली. शपथ राहिली आणि मला वाढवायला आत्या राहिली.

कोळ्याच्या पोराला दर्या बंद झाला तर त्यानं करायचं काय? आमच्यात पुरुष मासळी आणतो आणि बाई विकते. मी आत्याच्या पाट्या डोक्यावर घेऊन रेवदंड्याच्या बाजारात जाऊ लागलो. मिसरूड फुटेपर्यंत बायकांच्या रांगेत बसून भाव करायला शिकलो. बायका हसायच्या, वाड्यातले पुरुष त्याहून जास्त. पण पुढे मासळी वाळवायच्या खळ्याखळ्यावरून सुका माल उचलून बैलगाडीनं पेणेकडे आणि तिथून घाटावर पाठवायला मी सुरुवात केली, तेव्हा हसणारे तेच पुरुष माझ्या दारात भाव विचारायला येऊ लागले. मला कुणी हात दिला नाही. हे मी सांगतो तेव्हा लोकांना बढाई वाटते, पण ते खरं आहे.

एका नारळी पौर्णिमेला पुरुष होड्या सजवून निघाले होते आणि मी नेहमीसारखा किनाऱ्यावर उभा होतो. तांडेलानं गलबतावरून मोठ्यानं सांगितलं, "अरं, तो काठावरचा तिकडं कशाला उभा हाय? त्याला बायकांत बसवा, नारळ सोलायला." सगळा किनारा हसला. तेव्हापासून माझं नावच काठावरचा पडलं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी भांडून मोकळा झालो असतो. पण मी काठावर का आहे हे जगात एका माणसाला नक्की ठाऊक होतं, आणि तोच ते म्हणाला. हा काटा मी तेव्हा काढला नाही. जपून ठेवला.

आता गंमत अशी, की माझं मन बसलं ते त्याच तांडेलाच्या मुलीवर.

तांडेलाच्या खळ्यावर बोंबील वाळवण्याचं काम तीच बघायची. वाऱ्याकडे बघून कुठल्या दोरीवरचे बोंबील आज काढायचे आणि कुठले ठेवायचे हे ती ठरवायची, आणि मजुरीवर आलेल्या बायका, तिच्या दुप्पट वयाच्या, मुकाट ऐकायच्या. मी पहिल्यांदा माल घ्यायला गेलो तेव्हा रीतीप्रमाणे म्हटलं, "खालचं दाखव."

"हात घाल आन् बघ," ती म्हणाली. "बोट कापलं तर रडू नको."

मी कोपरापर्यंत हात घातला. तळाचे बोंबील वरच्यासारखेच खडखडीत होते. मी दुसरी पाटी बघितली, तिसरी बघितली. इतक्या वर्षांत मला असा माल मिळाला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा राग आला, कारण खोट सापडली नाही की भाव पाडायला जागा राहत नाही.

"अशी पाटी भरून धंदा होत न्हाय," मी म्हटलं.

"व्हतोय ना. तू उभा हायस नव्हं?"

"मी उद्या दुसऱ्या खळ्यावर जाईन."

"जा की. परवा येशील."

मी परवा गेलो. मग जातच राहिलो. आमचं प्रेम म्हणाल तर ते एवढंच होतं: भाव करणं. ती एक बोलायची, मी एक बोलायचो, मी उठून चालू लागायचो, ती हाक मारायची, "ए काठावरच्या, ये, घे मेल्या," आणि मी परत फिरायचो. तिच्या तोंडून तो शब्द मला लागायचा नाही. कामवाल्या बायका दोरीआडून ऐकत बसायच्या. एकदा मी पेणेहून तिच्यासाठी हिरव्या बांगड्या आणल्या. तिनंच मागवल्या होत्या, "फुकट न्हाय, भाव कर," असं बजावून. त्या बांगड्यांचा भाव आम्ही अख्खी सकाळ केला. शेवटी तिनं त्या हातात चढवल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता बापाशी भाव कर."

आत्या जाऊन बोलून आली. तांडेलानं नाही म्हटलं नाही. ते मला विशेष वाटलं. पुढे मी बऱ्याच वेळा विचार केला, की नाही म्हणायचं असतं तर तो तेव्हाच म्हणाला असता.

आमच्यात मुलाकडून मुलीच्या बापाला देज द्यायची रीत. ते ठरवायला जमातीचा पाटील आणि चार जाणती माणसं मुलीच्या अंगणात बसतात. ओटीवर दाराआड बायका. बोलणं मोठ्यांनी करायचं. मुलानं तोंड उघडायचं नसतं. आत्यानं घरातून निघताना मला दोनदा बजावलं होतं, "मुलाचं तोंड साखर खायला आसतंय, बोलायला न्हाय. तिथं बाजार मांडू नको."

तांडेलानं सुपारी कातरत सुरुवात केली. "पाटील, दर्यावर जानाऱ्याला पोर देली तर देज एक. काठावरच्याला देयाची तर दुप्पट."

"का रे बाबा?" पाटलानं विचारलं.

"तिच्या घरात ताजी मासळी कोन आननार? जन्मभर सुकट खायाची पोरीनं. त्याची भरपाय नको?"

अंगण हसलं. ओटीवरच्या बायकाही हसल्या. पाटील म्हणाला, "तांडेल, मस्करी पुरे. आता खरं बोल."

ती मस्करीच होती. सौद्यात पहिला आकडा मस्करीचाच असतो, हे मला न कळण्याइतका मी कच्चा नव्हतो. दुसऱ्या कुठल्याही अंगणात मी हसून थोडा वर चढलो असतो आणि समोरच्याला खाली उतरवला असता. पण मला ते नारळी पौर्णिमेचं हसू ऐकू आलं. मी म्हणालो, "तांडेल, दुप्पट बोलताय तर माल तसा पायजे. वरचं तर दिसतंय. पाटीचं खालचं दाखवा, मग भाव बोलू."

आधी दोघे-तिघे हसले, सवयीनं. मग पाटलाचा सुपारी उचलणारा हात तिथंच थांबला. तांडेलानं अडकित्ता खाली ठेवला.

ती दारात आली. हातात साखरेचं ताट होतं. तिनं सरळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "माजी पाटी तू रोज बघितलीस. हात घालून बघितलीस. सांग यांना."

ती बोंबलांबद्दल बोलत होती. खळ्यावरच्या पाट्यांबद्दल. तिला म्हणायचं होतं की माझ्या कामात वर एक आणि खाली एक नसतं, हे तुला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत आहे; आता चारचौघांत बोल. तिला कामाचाच अभिमान होता आणि त्याच भाषेत ती बोलली. पण त्या अंगणात, मी आधी जे बोललो होतो त्यानंतर, लोकांनी दुसरंच ऐकलं. ओटीवर कुणीतरी "अगं बाय" असं हळूच म्हणालं. लोकांनी काय ऐकलं हे तिच्याही लक्षात आलं. मी तिच्या चेहऱ्यावर ते येताना बघितलं. तरी ती तिथून हलली नाही. मी बोलेन म्हणून उभी राहिली.

एका वाक्याचं काम होतं. "ती बोंबलाच्या पाटीचं बोलतेय," एवढं म्हणायचं होतं. पण तांडेलानं मान खाली घातली होती. त्या माणसाची मान खाली गेलेली मला बघायला मिळत होती, आणि ते मला गोड लागलं. आणखी थोडा वेळ ती तशीच राहावी असं वाटलं. म्हणून मी बोललो नाही. घाबरलो, गोंधळलो, शब्द सुचले नाहीत, असं मी पुढे लोकांना सांगितलं. ते खोटं आहे. मला शब्द कधी सुचले नाहीत असं झालेलं नाही.

ती आत गेली. मी उठून अंगणाबाहेर चालू लागलो, आणि हे सांगायलाही लाज वाटते, पण चालताना मी कान मागे ठेवले होते. सौदा अडला की उठून चालायचं. समोरचा हाक मारतो. मग अर्ध्यावर सौदा जमतो. मला खरंच वाटत होतं की हाक येईल. मी घरापर्यंत पोचलो तरी मला वाटत होतं.

त्या वर्षी तिच्यासाठी रेवदंड्याकडचं एक स्थळ चालून आलं होतं. ते आलं तसं गेलं. बाजारात तिच्या पाटीशी पुरुष थांबून "खालचं दाखव" म्हणायचे आणि पुढे जाऊन एकमेकांना कोपरानं ढोसायचे. तिनं बाजारात बसणं सोडलं. मग पाटलानं मला बोलावून घेतलं.

"तू एवढंच बोल," तो म्हणाला, "का पाटी म्हंजे बोंबलाची पाटी. जमातीपुढं, मोठ्यानं. बाकी मी बघतो."

"बोलतो. पण आधी तांडेलानं बोलायचं. माजा बाप त्याच्या गलबतावरनं गेला म्हनून मी काठावर हाय, एवढं जमातीपुढं बोलू दे."

पाटील म्हणाला, "पोरीच्या अब्रूचा भाव करतोस?"

"मी न्याय मागतोय."

"न्याय तराजूत घालून मागतोस तू."

तांडेलानं ऐकलं नाही. त्याचंही डोकं माझ्यासारखंच होतं. मी अट सोडली नाही, त्यानं हट्ट सोडला नाही, आणि पाटील मधल्यामध्ये खेपा घालून थकला. आमच्या दोघांच्या मध्ये ती होती, हे दोघांनाही माहीत होतं. आत्यानं माझ्याशी बोलणं टाकलं. एकदा फक्त जेवण वाढताना म्हणाली, "तुजी आई जिती आसती तर तिनं शपथ मोडून तुला दर्यात ढकलला आसता." मी त्यावर ताटावरून उठलो. असा मी तेव्हा होतो.

उन्हाळ्याच्या शेवटी, पावसाळ्यासाठी होड्या वर ओढायच्या आधी, तांडेलानं तिला हरेश्वराकडच्या एका विधुराला दिली. माणूस तिच्या बापापेक्षा थोडा लहान. देज घेतलं नाही, बोलणी झाली नाहीत, वाड्यात साखर वाटली नाही. मचव्यातून ती गेली तेव्हा मी पेणेला होतो. मुद्दाम गेलो होतो.

पुढे माझंही लग्न झालं, मुलं झाली, दोन खळी माझ्या मालकीची झाली. मिठाच्या सत्याग्रहाची धामधूम आली आणि गेली. तांडेल वारला. मी त्याच्या मयताला गेलो नाही आणि त्यात मला काही चूक वाटली नाही. मग एक दिवस ती परत आली. नवरा गेला होता, सावत्र मुलांनी घर बळकावलं होतं, आणि बरोबर एक वयात येणारी मुलगी होती. भावानं तिला घरात घेतलं. तिनं पुन्हा पाटी भरली आणि रेवदंड्याच्या बाजारात रांगेत बसू लागली. मी त्या रांगेतून आठवड्याच्या आठवड्याला जात होतो. अलीकडच्या बाईशी भाव करायचो, पलीकडच्या बाईशी करायचो. तिच्या पाटीसमोर आलो की भाव न विचारता पुढे सरकायचो. एवढ्या वर्षांनीही एखादा म्हातारा तिच्यापुढे थांबून, डोळे बारीक करून तेच वाक्य म्हणायचा. ती पाटी उपडी करून सगळा माल दाखवायची, एक शब्द न बोलता, आणि परत भरायची.

मांडव्याकडचा एक व्यापारी माझ्याकडून माल नेत असे. स्वभावानं सरळ. एकदा माझ्या खळ्यावर चहा पिताना त्यानं विषय काढला.

"तांडेलाच्या घरची नात बघायला येतोय. माज्या भावाच्या पोराला. पोर कामाची हाय असं ऐकलंय."

"मग घ्या."

"घेतो. पन माजी आई आडून बसलीय. पोरीच्या आयशीचं म्हनं कायतरी बोलनं झालं होतं. खालचं-वरचं." तो थांबला. "तुमीच बोलला होता म्हनतात. काय खोट होती?"

माझ्या हातातली बशी मी खाली ठेवली. आपल्या तोंडून गेलेला शब्द असा मोठा होऊन, दुसऱ्या गावचं पाणी पिऊन परत येईल, असं मला वाटलं नव्हतं. "कसलीच खोट नव्हती," मी म्हणालो. "मी खोटं बोललो."

"हे तुमी मला सांगितलं. मी आईला सांगितलं तर ती म्हनंल, व्यापाऱ्यानं व्यापाऱ्याला सांगितलं."

"मग?"

"आमी येऊ तवा तुमी अंगनात या. चारचौघांत गेलेलं चारचौघांतच निवारायला लागतंय."

मी लगेच हो म्हणालो नाही. मी म्हटलं बघतो. त्या रात्री मला वाटत होतं, की तांडेलाचा मुलगा तरी आता बोलेल का. निदान बापाचं चुकलं म्हणेल का. मग मी जातो. म्हणजे मी परत तराजू काढलाच होता. हे ध्यानात आलं तेव्हा माझी मलाच किळस आली, आणि सकाळी मी मांडव्याला निरोप पाठवला.

तेच अंगण. ओटी नवी बांधलेली. मी गेलो तेव्हा तिच्या भावानं बसा म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. ती ओटीच्या कडेला बायकांत बसली होती. मांडव्याची म्हातारी, मुलाची आजी, मध्यभागी पाटावर. जुना पाटील जाऊन त्याचा मुलगा पाटील झाला होता; त्यानं मला बोलायची खूण केली.

मी उभा राहिलो. "मी या अंगनात एक शब्द बोललो होतो," मी म्हणालो. "तो खोटा होता. त्यावर ही जे बोलली ते बोंबलाच्या पाटीचं होतं. तिच्या खळ्यावर मी माल घ्यायचो. तिच्या पाटीत वर-खाली कधी फरक नसायचा. हे मला ठावं होतं, तिनं सांग म्हटलं, आन् मी सांगितलं न्हाय."

म्हातारीनं कानामागे हात धरला होता. "का न्हाय सांगितलंस?"

ह्याचं उत्तर मी कधी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. "तांडेल मला काठावरचा म्हनले होते."

"काय म्हनले?"

"काठावरचा."

म्हातारीनं पुढचं बोल म्हणून मान हलवली. मग म्हणाली, "बस? एवढंच?"

"एवढंच."

"अरं देवा," ती म्हणाली आणि हसायला लागली. "माजा नवरा मला आयुष्यभर म्हैस म्हनायचा." सगळं अंगण हसलं. माझ्या बापाचं मी काही बोलू शकलो असतो, शपथेचं सांगू शकलो असतो. ते तिथं सांगणं म्हणजे पुन्हा भाव वाढवणं झालं असतं. मी उभाच राहिलो, आणि जी गोष्ट मी इतकी वर्षं उराशी धरून बसलो होतो ती त्या हसण्यात किती लहान दिसते ते बघत राहिलो.

हसू ओसरलं. मी तिच्याकडे बघितलं. ती रडेल, रागावेल, निदान मान हलवेल असं मनात होतं. ती पदर सावरून भावाला म्हणाली, "याचं बोलून झालं आसंल तर आता पोरीचं बोला. मानसं लांबून आलीत."

आणि मला राग आला. तिथं, तिच्या दारात, मला राग आला की एवढं करून माझं एका वाक्यात आटोपलं. तो राग मी कुणाला दाखवला नाही, खाली बसलो. पण तो आला होता. आधीच्या सगळ्या गोष्टींपेक्षा मला त्याची जास्त लाज वाटते, कारण बाकीच्या वेळी मी तरुण होतो असं म्हणता येतं.

मुलीचं बोलणं बराच वेळ चाललं. मुलीचा मामा सौद्यात अगदीच कच्चा निघाला. म्हातारी जिथं अडून बसली तिथं तो सैल पडला आणि जिथं ती मोकळी झाली होती तिथं त्याच्या ध्यानातच आलं नाही. कुठं थांबायचं, कुठं ओढायचं, हे मला स्पष्ट दिसत होतं. एकदा ओटीच्या कडेवरून तिनंही माझ्याकडे बघितलं असं मला वाटलं. तिलाही ते दिसत असणार. मी जमिनीकडे बघत बसून राहिलो. देज ठरलं, नारळ फुटला, आणि मुलगी आतून साखरेचं ताट घेऊन आली.